उसन्या प्रतिपिंडांची परीक्षा

मावळातील पावसाळा हा चार महिन्यांचा पाहुणा असला, तरी घरधन्यासारखा वागतो. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून रेल्वेच्या रुळांबरोबर पूर्वेस उतरत मळवली, कामशेत, वडगाव ओलांडून तळेगावास यावे, तो पावसाचे मान झपाट्याने घटलेले दिसते. पवन मावळात, आंदर मावळात आणि नाणे मावळात भाताची लावणी चालू असता घरोघर पोरे खोकत असतात, कुणाचा कान फुटतो, कुणास ताप भरतो. आठ-दहा दिवसांत बहुतेक मुले उठून पुन्हा चिखलात खेळू लागतात. या खोकल्याचे कौतुकही कोणी करीत नाही आणि चिंताही कोणी वाहत नाही.

परंतु एखाद्या घरी एखादा मुलगा असा असतो की, त्याचा खोकला दिवाळी झाली तरी जात नाही. एका वर्षात त्यास दोनदा न्यूमोनिया होतो. कान सतत वाहतो. औषधाने ताप उतरतो आणि औषध थांबताच परत येतो. वजन वाढत नाही. कोणी त्यास दमा म्हणतो, कोणी क्षय म्हणून औषधे देतो, कोणी हवा बदलण्यास सांगतो. घरातील म्हातारी माणसे आठवण काढतात की, त्याचा एक मामाही लहानपणी असाच गेला. मग हळूहळू बोलण्याचा रोख सुनेच्या पायगुणाकडे वळतो. ज्या घरावर हा प्रसंग येतो, त्या घरापुरते तरी या रोगाचे खरे कारण समजणे हे निव्वळ शास्त्रीय कुतूहल राहत नाही. ते न्यायाचे काम होते.

कारण असे आहे. मनुष्याच्या रक्तात प्रतिपिंड नावाची प्रथिने असतात. एखादा रोगजंतू शरीरात शिरला की, त्यास ओळखून चिकटणारी प्रतिपिंडे बी पेशींच्या वंशातील पेशी निर्माण करतात; त्यायोगे तो जंतू पांढऱ्या पेशींच्या तावडीत सापडतो. नवजात बालकाजवळ स्वतःची अशी शिदोरी नसते. गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यांत आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि जन्मानंतर काही महिने त्याचे रक्षण करतात. ही शिदोरी सरत येते, तोवर बाळाचे स्वतःचे शरीर प्रतिपिंडे बनवू लागलेले असते.

काही थोड्या बालकांत मात्र ही बनावट सुरूच होत नाही. एका आनुवंशिक दोषामुळे बी पेशी परिपक्व होत नाहीत. हा दोष ज्या जनुकात असतो त्याचा शोध १९९३ साली लागला. ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलींना एक्स गुणसूत्रे दोन असल्याने एकातील उणीव दुसरे भरून काढते. मुलांना एकच असल्याने त्यांस हा रोग होतो. ज्या स्त्रीच्या एका गुणसूत्रात हा दोष आहे, तिच्या प्रत्येक मुलग्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. ती स्वतः पूर्ण निरोगी असते. तिने काही केलेले नसते, आणि तिने काही टाळले असते तरी हे टळले नसते. कित्येकदा तर दोष त्या मुलातच प्रथम उपजलेला असतो. पायगुणाच्या गोष्टीस येथे तिळमात्र आधार नाही.

आता प्रश्न असा की, जे शरीरात बनत नाही ते बाहेरून देता येईल काय? उसन्या प्रतिपिंडांची कल्पना जुनी आहे. १८९० साली बर्लिन येथे बेरिंग व कितासातो या दोघा संशोधकांनी असे दाखविले की, धनुर्वाताच्या विषाची सवय केलेल्या जनावराचे रक्तजल दुसऱ्या जनावरास टोचले असता त्याचेही रक्षण होते. घटसर्पाबाबतही तसाच अनुभव आला. भातखाचरात सर्पदंश झालेल्या शेतकऱ्यास जे प्रतिविष देतात, ते याच कल्पनेचे फळ होय. जुन्नर तालुक्यात नारायणगाव येथे असे प्रतिविष तयार करणारा कारखाना आहे. घोड्याने विषाशी दिलेली झुंज माणसाच्या उपयोगी पडते ती अशी.

तथापि उसने बळ खरोखर उपयोगी पडले की नाही, हे ठरविणे दिसते तितके सोपे नाही. याचा धडा ज्या थोड्या शहरांनी प्रथम घेतला त्यांत मुंबई हे एक शहर आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्याच वर्षी यर्सिन या संशोधकाने घोड्यापासून बनविलेले प्लेगविरोधी रक्तजल चीनमध्ये वापरले होते आणि तेथील बहुतेक रोगी वाचले होते. १८९७ साली तो तेच औषध घेऊन मोठ्या आशेने मुंबईस आला. पण येथे त्याचा अनुभव निराशेचा ठरला. तेव्हा चीनमधील रोगी औषधाने बरे झाले, की जे बरे होणारच होते तेच त्याच्या हाती आले होते, ही शंका कशी फेडावयाची?

आर्थर रोडवरील रुग्णालयात डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी लुस्टिग या इटालियन प्राध्यापकाचे रक्तजल तपासताना या शंकेवर उपाय योजला. येणाऱ्या रोग्यांपैकी एकास औषध द्यावयाचे, दुसऱ्यास नेहमीचे उपचार करावयाचे, तिसऱ्यास पुन्हा औषध, असा एकाआड एक क्रम त्यांनी ठेवला. त्यामुळे वाचण्याजोगे रोगी एका बाजूस आणि आशा सोडलेले दुसऱ्या बाजूस, अशी नकळत होणारी निवड टळली. प्लेगवर रक्तजल रामबाण ठरले नाही. पण औषधाची कीर्ती आणि औषधाचा गुण या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे त्या प्रयत्नाने स्पष्ट केले. सुमारे त्याच काळी कोपनहेगन येथे फिबिगर या डॉक्टराने घटसर्पाच्या रोग्यांना एक दिवसाआड रक्तजल दिले. औषध मिळालेल्या २३९ रोग्यांपैकी ८ दगावले. न मिळालेल्या २४५ पैकी ३० दगावले. एकाच प्रकारच्या कसोटीवर एक औषध उणे पडले, एक उतरले.

घोड्याच्या रक्तजलात मात्र एक मोठी अडचण होती. ते प्रथिन माणसास परके असते. एकदा दिले तर चालते; वारंवार दिले की शरीर त्याविरुद्धच उठते, ताप येतो, सांधे दुखतात, अंगावर पुरळ उठते. ज्या मुलास जन्मभर दर महिन्यास उसने बळ हवे, त्यास घोडा पुरा पडणार नाही. त्यास मनुष्याचीच प्रतिपिंडे हवीत.

ती मिळण्याचा मार्ग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोकळा झाला. प्रतिपिंडे रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन या भागात असतात, हे टिसेलियस व कॅबट यांनी १९३९ साली दाखविले होते. पुढे जखमी सैनिकांसाठी रक्तद्रवातील निरनिराळी प्रथिने वेगळी करण्याचे काम अमेरिकेत एडविन कोन यांनी हाती घेतले. थंड मद्यार्काच्या साहाय्याने त्यांनी जे भाग वेगळे केले त्यांत गॅमा ग्लोब्युलिनही होते. १९५२ साली वॉशिंग्टन येथील सैनिकी रुग्णालयातील डॉ. ऑग्डेन ब्रूटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. चार वर्षांत त्या मुलाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरण्याचे प्रसंग एकोणीस वेळा आले होते. विद्युत्प्रवाहाच्या साह्याने त्याच्या रक्तातील प्रथिनांचे पट्टे वेगळे करून पाहिले, तो गॅमा ग्लोब्युलिनचा पट्टाच गायब होता. ब्रूटन यांनी दर महिन्यास ते द्रव्य त्याच्या त्वचेखाली टोचण्यास आरंभ केला आणि त्या गंभीर दुखण्यांची मालिका तुटली.

एका मुलाचा हा अनुभव इतका ठसठशीत होता की, पुढे अशा रोग्यांत एका गटास औषध द्यावे व दुसऱ्यास मुळीच देऊ नये, अशी परीक्षा घेणे माणुसकीस धरून झाले नसते. मग परीक्षा कशाची घ्यावयाची? श्रोत्यांपैकी पुष्कळांस असे वाटेल की, औषध लागू पडते हे कळले, आता परीक्षा संपली. वस्तुस्थिती उलट आहे. औषध हवे की नको हा प्रश्न मिटला. पण किती, कोणत्या वाटेने आणि कितपत निर्धोक, हे तीन प्रश्न तेथूनच सुरू झाले.

पहिला प्रश्न मात्रेचा. ब्रिटनमध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलने अशा रोग्यांचा कित्येक वर्षे पाठपुरावा करून १९७१ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्या काळी औषध स्नायूत टोचीत. ते दुखे, आणि एका वेळी मोठी मात्रा देता येत नसे. शिरेवाटे देऊ गेल्यास रोग्यास थंडी भरे, रक्तदाब घसरे. कारण तयार करताना प्रतिपिंडांच्या गुठळ्या होत. या गुठळ्या टाळण्याची कृती साधल्यावर १९८१ साली शिरेवाटे देण्याजोगे औषध अमेरिकेत संमत झाले. आता मोठी मात्रा शक्य झाली. पण अधिक म्हणजे अधिक चांगले, हे गृहीत धरून कसे चालेल? नेदरलंड्समध्ये ४३ रोग्यांवर याची परीक्षा झाली व तिचा वृत्तांत २००१ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक रोग्यास नऊ महिने नेहमीची मात्रा आणि नऊ महिने दुप्पट किंवा जवळपास तितकी मात्रा देण्यात आली. कोणती केव्हा चालू आहे हे रोग्यासही ठाऊक नव्हते, डॉक्टरासही नव्हते. अर्थात प्रत्येक रोगी स्वतःच स्वतःची तुलना ठरला. नेहमीच्या मात्रेत दर रोग्यामागे सरासरी साडेतीन संसर्ग झाले, मोठ्या मात्रेत अडीच. आजाराचे दिवस ३३ वरून २१ वर आले. बारा दिवस हा आकडा कागदावर लहान दिसतो. शाळेत जाणाऱ्या मुलास व त्याच्या बरोबर बसून मजुरी बुडविणाऱ्या आईस तो लहान नाही.

दुसरा प्रश्न निर्धोकपणाचा. हे औषध हजारो दात्यांच्या रक्तद्रवाच्या मिश्रणातून तयार होते. त्यातच त्याचा गुण आहे. कारण हजारो माणसांनी ज्या ज्या रोगजंतूंशी सामना केला, त्या सर्वांची प्रतिपिंडे एका बाटलीत येतात. आणि त्यातच त्याचा धोकाही आहे. एका दात्याचा रोग अनेकांना बाधू शकतो. १९९३-९४ च्या सुमारास काही रोग्यांना अशा औषधातून हेपटायटिस सी या यकृताच्या रोगाची लागण झाली. त्यानंतर दात्यांची तपासणी कडक झाली, आणि विषाणूचे आवरण विरघळविणे, आम्लात ठेवणे, अतिसूक्ष्म गाळणीतून गाळणे अशा एकाहून अधिक पायऱ्यांतून औषध काढण्याची रीत पडली. म्हणूनच नवा कारखाना, नवी कृती, नवे नाव आले की परीक्षा पुन्हा द्यावी लागते. पूर्वीच्या औषधाचे यश नव्या बाटलीस वारसाहक्काने मिळत नाही.

ही परीक्षा कशी असते, हे मावळच्या श्रोत्यास समजावून सांगणे कठीण नाही. समजा, एखाद्या औषधाची कसोटी लोणावळ्यात मार्च ते मे या तीन महिन्यांत घेतली, तर फारसे कोणी आजारी पडणार नाही आणि औषधास शाबासकी मिळेल. तीच जून ते ऑगस्टमध्ये घेतली तर तेच औषध बदनाम होईल. म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने नियम असा केला की, रोग्यांची पाहणी बारा महिने झाली पाहिजे, म्हणजे सर्व ऋतू हिशेबात येतील. या काळात गंभीर जंतुसंसर्ग मोजावयाचे: न्यूमोनिया, रक्तातील संसर्ग, मेंदूच्या आवरणाचा दाह, हाडांचा वा सांध्यांचा संसर्ग आणि आतील अवयवांतील गळू. यांचे प्रमाण दर रोग्यामागे वर्षास एकाहून कमी आहे, असे खात्रीने दिसले तरच औषध उत्तीर्ण. येथे औषध न मिळालेला गट नसतो. तुलना होते ती उपचाराविना असणाऱ्या जुन्या अनुभवाशी.

ज्यास उणीव नाही त्यासही उसने बळ उपयोगी पडेल, असे मात्र समजू नये. २०२० साली कोरोनाच्या साथीत बऱ्या झालेल्या रोग्यांचा रक्तद्रव मिळविण्यासाठी नातेवाईक वणवण फिरत होते. त्याच वेळी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर त्याची परीक्षा घेतली. रक्तद्रव मिळालेल्यांपैकी १९ टक्के रोग्यांचा आजार बळावला किंवा ते दगावले. न मिळालेल्यांत हेच प्रमाण १८ टक्के होते. ज्यांचे शरीर स्वतः प्रतिपिंडे बनवीत होते, त्यांना उशिरा दिलेल्या परक्या प्रतिपिंडांनी लाभ दिला नाही. रिकाम्या रांजणात ओतलेले पाणी दिसते. भरत आलेल्या रांजणात ते दिसत नाही.

आता व्यवहाराचा विचार. बाहेरून दिलेली प्रतिपिंडे टिकत नाहीत. सुमारे तीन आठवड्यांत निम्मी उरतात. म्हणून शिरेवाटे औषध दर तीन-चार आठवड्यांनी द्यावे लागते, ते जन्मभर. प्रारंभीची मात्रा साधारणपणे दर किलो वजनास ४०० ते ६०० मिलिग्रॅम असते. अर्थात वीस किलो वजनाच्या मुलास प्रत्येक खेपेस ८ ते १२ ग्रॅम लागतात. पुढील खेपेपूर्वी रक्त तपासून पातळी किती उतरली ते पाहतात आणि त्यापेक्षाही मुलगा किती आजारी पडला ते पाहून मात्रा ठरवितात. त्वचेखाली लहान लहान मात्रा घरीच घेण्याची सोयही आता आहे. या उपचाराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. श्वासमार्गाच्या अंतस्त्वचेवर पाझरणारी प्रतिपिंडे यातून मिळत नाहीत. निदान होईपर्यंत फुप्फुसाची झालेली हानी भरून येत नाही. आणि ज्या बालकांत प्रतिरक्षेचे दुसरे दलही अपंग असते, त्यांना एवढ्याने भागत नाही; त्यांस अस्थिमज्जेच्या रोपणाची गरज पडते.

निदानासाठी मावळातील कुटुंबास फार दूर जावे लागत नाही. लोणावळ्याहून मुंबई रेल्वेने सुमारे १२८ किलोमीटर. तेथे परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. अशा जन्मजात उणिवांचे निदान हे तिच्या कामाचे एक अंग आहे. जवळच लहान मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. पहिली तपासणी तर याहूनही साधी आहे: रक्तातील प्रतिपिंडांची पातळी मोजणे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात या उणिवा व त्यांवरील प्रतिपिंडांचा उपचार यांचा समावेश आहे. धोरणाखाली नेमलेल्या केंद्रांत केईएम रुग्णालय आहे, आणि २०२२ पासून पात्र रोग्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. जन्मभराच्या औषधास ही रक्कम अपुरी पडू शकते. तरीही वाट बंद नाही, हे कुटुंबास कळणे अगत्याचे आहे.

एखाद्या कुटुंबास नव्या औषधाच्या परीक्षेत मुलास घालण्याविषयी विचारणा झाली, तर त्यांनी काय करावे? प्रथम घाबरू नये, आणि लगेच हुरळूनही जाऊ नये. आपल्या देशात २०१९ च्या नियमांनुसार नीतिसमितीची संमती व पालकांची समजून-उमजून दिलेली लेखी संमती आवश्यक आहे. समजत्या वयाच्या मुलाचाही होकार घ्यावा लागतो. परीक्षेमुळे इजा झाल्यास उपचाराची व भरपाईची तरतूद आहे. अशा परीक्षांची नोंद सार्वजनिक नोंदवहीत करावी लागते. पालकांनी निःसंकोचपणे विचारावे: चालू औषध बंद होणार काय? वर्षभर प्रवासाचा खर्च कोण सोसणार? परीक्षा संपल्यावर पुढील बाटली कोठून येणार? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. ज्या मुलास जन्मभर औषध लागणार, त्याच्या बाबतीत बाराव्या महिन्याची शाबासकी पुरेशी नाही. तेरावा महिनाही विचारात घेतला पाहिजे.

गावोगावच्या डॉक्टरांनी, आशा कार्यकर्तींनी व शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम होईल. वर्षात दोन न्यूमोनिया, न हटणारा कान, खुंटलेले वजन, आणि आईच्या माहेरच्या वंशात बालपणी गेलेले मुलगे, या खुणा एकत्र दिसल्या की रक्त तपासण्यास पाठवावे. अशा घरात नवे बाळ जन्मले तर बीसीजी व तोंडावाटे देण्याची पोलिओ लस यांपूर्वी डॉक्टरास कुळाची हकीकत सांगावी; कारण या लशींत जिवंत जंतू असतात, आणि ज्यास प्रतिरक्षा नाही त्याच्या शरीरात ते तळ ठोकू शकतात.

आणखी एक गोष्ट सर्वांच्या हातची आहे. हे औषध मनुष्याच्या रक्तद्रवावाचून तयार होत नाही. शिबिरात रक्त देणाऱ्याचे नाव बाटलीवर येत नाही, आणि त्याच्या रक्तातील कोणते प्रतिपिंड कोणाच्या कामी आले हे त्यास कधी कळत नाही. परंतु ज्या ताप-खोकल्यातून तो स्वतः लहानपणी सहज उठला आणि ज्यास तो केव्हाच विसरला, त्याचीच आठवण त्याच्या रक्ताने जपून ठेवलेली असते. ती आठवण ज्यास कधी येणारच नाही, अशा एखाद्या मुलास ती महिनाभर पुरते. मग पुन्हा कोणीतरी द्यावी लागते.